वृद्धाश्रमाची पारख



'वृद्धाश्रम' हा शब्द आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. पाहुणे बसलेले असतील तर तो उच्चारलाच जात नाही. याचा परिणाम असा होतो की, ज्या निर्णयाचा विचार सहा महिने आधी शांतपणे व्हायला हवा, तो एखाद्या पहाटे न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यावर, रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या घेतला जातो. डॉक्टर म्हणतात, परवा घरी न्या. घरी उचलायला माणूस नसते. मग कोणीतरी एक दूरध्वनी क्रमांक देतो, गाडी तिकडे वळते आणि चाळीस वर्षे ज्या घरात चूल पेटवली, त्या घराचा उंबरठा पुन्हा न ओलांडता एक वृद्धा परक्या खाटेवर जाऊन पडते. वर्षाचे गहू भरताना जेवढी पारख केली जाते, तेवढीही या निर्णयात होत नाही.

आईवडिलांनी नातवंडांत राहावे, शेवटचे पाणी घरच्यांच्या हातून घ्यावे, हा आदर्श खरा आहे आणि ज्यांना तो साधतो ते भाग्यवान आहेत. परंतु 'आम्ही घरीच सांभाळू' असे ठणकावून सांगणाऱ्या मंडळींपैकी किती जण स्वतः रात्री दोनदा उठून डायपर बदलतात, हेही एकदा विचारले पाहिजे. बहुसंख्य घरांत हा भार एकाच स्त्रीच्या पाठीवर असतो आणि ती स्वतः साठीला टेकलेली असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होते. घरे मात्र आक्रसत गेली आणि मुले परगावी, परदेशी गेली.

निराधारांसाठी अशी व्यवस्था आपल्याकडे जुनीच आहे. पुण्यातील 'निवारा' ही संस्था एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिली. १९९५ साली महाराष्ट्र शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. नवे आहे ते असे की, आज या दाराशी येणाऱ्या अनेकांना मुलेबाळे आहेत, निवृत्तिवेतन आहे, स्वतःचे घर आहे. त्यांना हवी आहे ती परिचर्या. आणि परिचर्येची पारख कशी करावी, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. सोलापुरात एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्याला. गेल्या वर्षापासून दूध उतू जाऊन गॅस तसाच राहू लागला आहे. एकच प्रश्न दिवसातून दहादा विचारला जातो. मुलाकडे त्या दोन महिने राहून आल्या. भाषा कळेना, शेजारी कोणी बोलेना, म्हणून परत आल्या. मुलीच्या घरी सासूबाई आधीच अंथरुणाला खिळलेल्या. भावंडे दूरध्वनीवर बोलतात, रागावतात, गप्प होतात.

या भावंडांनी सर्वप्रथम आश्रमांची यादी करू नये. आईला नेमके काय जमते आणि काय जमत नाही, हे कागदावर लिहावे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी वैद्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये यासाठी सहा साध्या गोष्टी धरल्या होत्या, त्या आजही जगभर वापरल्या जातात: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून खुर्चीवर येणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि आपल्या हाताने जेवणे. सोलापूरच्या बाईंना यातील पाच गोष्टी जमतात, अंघोळीला कोणीतरी सोबत लागते. म्हणजे शरीराला मदत थोडी हवी, पण स्मृतीला पहारा हवा. आज आवश्यक ते आणि तीन वर्षांनी आवश्यक होईल ते, असा दोन्हींचा हिशेब येथेच मांडायचा असतो. स्मृतिभ्रंश हा उतरणीचा आजार आहे. आज जी वास्तू सुखाची वाटते, ती उद्या अपुरी पडेल.

शब्दांचा घोळही येथेच मिटवावा. 'नर्सिंग होम' अशी पाटी आपल्याकडे लहान रुग्णालयावर किंवा प्रसूतिगृहावर असते. पाश्चात्त्य देशांत त्याच नावाने ओळखले जाणारे दीर्घकालीन शुश्रूषागृह ते नव्हे. 'वृद्धाश्रम' म्हणजे बहुधा हिंडत्याफिरत्या वृद्धांचे वसतिगृह. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतींत सदनिका आपली असते, भोजनालय आणि रुग्णवाहिका सामायिक. आणि अंथरुणाला खिळलेल्यांना, नळीने अन्न घेणाऱ्यांना ठेवून घेणारी परिचर्या केंद्रे हा चौथा प्रकार. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजारी, जखमी आणि दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणारी जागा येते. म्हणून जेथे सलाईन लावले जाते, नळी घातली जाते, तेथे 'आपली नोंदणी कोणती?' असे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

आता प्रत्यक्ष पाहणी. बहुतेक कुटुंबे रविवारी सकाळी अकराला जातात. व्यवस्थापक बाग दाखवतात, मंदिर दाखवतात, भजनाचे सभागृह आणि भिंतीवरची गणेशोत्सवाची छायाचित्रे दाखवतात. यात वाईट काहीच नाही. पण हे सारे ज्याला चालता येते त्याच्यासाठी आहे. व्यवस्थापकांना नम्रपणे सांगावे: जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्याकडे आम्हाला न्या. संस्थेची खरी ओळख, ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या खाटेपाशी होते.

तेथे काय पाहावे? सर्वप्रथम वास. वृद्धांच्या खोलीत कधीतरी लघवीचा वास येणारच. परंतु तो भिंतीत, गादीत मुरलेला असेल तर ती आजची गोष्ट नव्हे. फिनेलचा उग्र वासही पाहुण्यांसाठी असू शकतो. ओठ कोरडे आहेत का? पाण्याचे भांडे हाताच्या अंतरावर आहे की खिडकीत ठेवले आहे? नखे कापली आहेत का? चष्मा नाकावर आहे की कपाटात? कवळी ज्याची त्याच्याकडे आहे का? ही बाब हसण्यासारखी वाटेल, पण कवळी हरवली की जेवण हरवते आणि जेवण हरवले की महिन्याभरात माणूस खालावतो. घंटा वाजवून पाहावी आणि कोणी येईपर्यंत घड्याळ पाहावे.

पाठीवर आणि टाचांवर पडणाऱ्या जखमा, ज्यांना सारे 'बेडसोअर' म्हणतात, त्या परिचर्येचा आरसा असतात. स्वतःहून हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, हा रुग्णसेवेतील जुना पाठ आहे. हवेची गादी घातली म्हणून तो टळत नाही. कोणाचे पांघरूण दूर करून पाहणे अर्थातच असभ्य ठरेल. त्याऐवजी कूस बदलल्याची नोंदवही मागावी. महिनाभराच्या साऱ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, रात्री दोनला आणि दुपारी दोनला सारख्याच ठळक अक्षरात असतील, तर ती वही केव्हा लिहिली गेली हे सांगायला पंडित लागत नाही.

जेवणाची वेळ अवश्य गाठावी. आडवे झोपवून घास भरवला तर अन्न श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून पाठ टेकवून बसते करणे, लहान घास देणे, गिळल्याची खात्री करणे, यासाठी एका माणसामागे वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. दहा जणांना भरवायला एकच मावशी असेल, तर काय घडत असेल त्याचे गणित प्रत्येकाने करावे. मऊभात, पेज, पातळ केलेली भाजी वेगळी होते का, की सर्वांना तीच पोळी दिली जाते? एकादशीला कोणाचा उपास असेल तर साबुदाण्याची सोय होते का? मधुमेह्याने उपास केला तर त्याच्या गोळीचे काय करतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना जो अडखळत नाही, तो आपले काम जाणतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरायला हवी. सकाळच्या अकराला सगळा कक्ष गाढ झोपलेला असेल, तर ती शांतता नव्हे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री फिरतो, ओरडतो, 'मला घरी जायचंय' म्हणतो. त्याला झोपेचे औषध देऊन ठेवणे मनुष्यबळापेक्षा स्वस्त पडते. कोणते औषध, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने, किती दिवस, हे कुटुंबाला कळलेच पाहिजे. अशा औषधांनी तोल जाऊन पडण्याचा धोकाही वाढतो. हात ओढणीने खाटेला बांधलेले दिसले, तर तेथून उठावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य संस्थांत कोणालाही साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे आणि अन्य शारीरिक बंधनही तत्काळ इजा टाळण्यापुरते, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि नोंद ठेवूनच घालता येते. लघवीसाठी नळी सर्रास घातलेली दिसली, तरी कारण विचारावे. ती सोयीसाठी घातली असेल तर संसर्गाला निमंत्रण आहे.

या सर्वांच्या मुळाशी माणसे आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुटुंबे सर्वात कमी विचारतात. 'आमच्याकडे चोवीस तास नर्स आहे' या वाक्यातील नर्स म्हणजे कोण? तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका, की ब्युरोकडून आलेली मावशी? मावशी कमी प्रतीची असते असे मुळीच नाही. कित्येक मावश्यांच्या हातांत जी माया असते, ती पदवीने येत नाही. पण इन्सुलिनचे एकक मोजणे आणि अंग पुसणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि कोणते कोण करते हे स्पष्ट हवे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत किती निवाशांमागे किती जण जागे असतात? 'जागे' हा शब्द उच्चारून विचारावे. त्या स्वतः कोठे झोपतात, काय जेवतात, सुटी मिळते का, पगार वेळेवर होतो का? जेथे मावश्या दर दोन महिन्यांनी बदलतात, तेथे आजींना अंघोळीला गरम पाणी किती लागते हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून चहाच्या वेळी एखाद्या मावशीशी बोलावे. 'तुम्ही इथे किती वर्षं आहात?' एवढा एक प्रश्न माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक सांगून जातो. आणि शक्य झाल्यास दुसरी भेट न कळवता, दिवेलागणीनंतर द्यावी.

वास्तूविषयी थोडक्यात. न्हाणीघरातील फरशी ओली करून पाय ठेवून पाहावा. शौचकूपाशेजारी धरायला कठडा हवा, दाराला उंबरा नको, चाकाची खुर्ची आत वळली पाहिजे, रात्री मंद दिवा हवा, वीज गेल्यावर लिफ्ट चालली पाहिजे. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दारांची रुंदी किमान ९०० मिलिमीटर सांगितली आहे. मोजपट्टी बरोबर नेली तर बिघडत नाही.

आता कागद. प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी असतात. तेथे बहुतेकदा एक वाक्य सापडते: निवासी अंथरुणाला खिळल्यास किंवा मानसिक संतुलन ढळल्यास नातेवाइकांनी त्यांस घेऊन जावे. म्हणजे ज्या दिवसासाठी आश्रम शोधला, त्याच दिवशी आश्रम हात वर करणार. ही अट अन्यायाची असेलच असे नाही. लहान संस्थेजवळ तेवढे बळ नसते. पण ती आधी वाचलेली बरी. अनामत रक्कम कोणत्या परिस्थितीत आणि किती दिवसांत परत मिळते, शुल्क दरवर्षी किती वाढते, डायपर, औषधे, रुग्णवाहिका, सोबतीचा माणूस यांचा खर्च वेगळा का, हेही लेखी घ्यावे. धर्मादाय म्हणून आयकर खात्याकडे नोंदलेल्या संस्थेचे निवास, भोजन व देखभाल मिळून माणशी महिना २५ हजार रुपयांपर्यंतचे शुल्क साठीवरील निवाशांसाठी वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. तरीही बिलात कर लावलेला दिसला, तर विचारावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेचे ५ लाखांपर्यंतचे वार्षिक संरक्षण खुले झाले, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. आश्रमाचे शुल्क त्यातून भागत नाही. यासाठी योजनेत समाविष्ट असलेले जवळचे रुग्णालय कोणते, एवढे तेव्हाच पाहून ठेवावे.

कायदा किती पाठीशी आहे? २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्याचा हक्क दिला, जिल्ह्यागणिक निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या आश्रमाची कल्पना मांडली आणि ज्येष्ठांना टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरवला. याच कायद्याचे २३ वे कलम असे की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर परत मिळवता येते. ही अट दस्तात असणे महत्त्वाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मधील निकालात त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या हिताचा उदार अर्थ लावला. आश्रमात जाण्याच्या धांदलीत आईकडून घराच्या बक्षीसपत्रावर सही घेण्याची घाई जो भाऊ करतो, त्याला दुसऱ्या भावंडाने थांबवावे. घर तिचे आहे, तोवर परतीची वाट तिची आहे. खाजगी सेवागृहांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तपासनीस म्हणून कुटुंबालाच उभे राहायचे आहे. अडल्या वेळी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.

एवढी सगळी पाहणी झाली तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो बाईंना विचारायचा आहे. स्मृती उणावली म्हणजे इच्छा संपत नाही. त्यांना सारा करार समजणार नाही. पण खिडकीजवळची खाट हवी की दाराजवळची, एकटी खोली हवी की सोबत, वर्तमानपत्र कोणते, देवघरातले कोणते देव बरोबर न्यायचे, हे त्या सांगू शकतात. 'दोन दिवसांसाठी चल' असे खोटे बोलून नेऊ नये. ते खोटे विसरले जाईल, पण फसवले गेल्याची भीती राहून जाते. शक्य असेल तर एक महिना राहून पाहण्याची सोय मागावी, आणि त्या महिन्यात सोलापूरच्या घराला कुलूप असले तरी भाडेकरू ठेवू नये. शेवटच्या आजारात अतिदक्षता विभागात न्यावे की नाही, हेही शुद्धीत असताना विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वसूचनेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे ती साक्षांकित करता येते. मात्र स्मृतिभ्रंश बळावल्यावर हे करता येत नाही, म्हणून याची वेळ आजच आहे.

प्रवेशानंतरचे पहिले सहा आठवडे कठीण जातात. बाई रडतील, जेवणार नाहीत, मुलीला ओळखूनही बोलणार नाहीत. काही जण सांगतात की, रुळेपर्यंत भेटू नका. तो सल्ला संस्थेच्या सोयीचा असतो. भेट लहान असावी, पण असावी, आणि तिची वेळ ठरलेली नसावी. मार्च २०२० नंतर साथीच्या काळात कित्येक आश्रमांची फाटके महिनोन्महिने बंद राहिली, तेव्हा भ्रमणध्वनीवर तोंड दाखवण्यासाठी कोणी मावशी दोन मिनिटे काढत होती की नाही, यावरून अनेक कुटुंबांनी आपापला आश्रम ओळखला. दर महिन्याला वजन लिहून घ्यावे. दोन-तीन महिने ते घसरत राहिले तर कारण शोधलेच पाहिजे. पुण्याच्या मुलीला तिथे जाणे सोपे, बंगळुरूच्या मुलाला पैसे पाठवणे सोपे. दोघांनी हे एकमेकांना ऐकवत बसण्यापेक्षा महिन्यातून एक शनिवार-रविवार मुलाने यावे, आणि नोव्हेंबरात आईच्या निवृत्तिवेतनासाठी जीवन प्रमाणपत्राचे काम त्यानेच करावे.

सामान बांधताना औषधांच्या चिठ्ठ्यांच्या धारिकेत आणखी एक कागद घालावा. त्यावर बाईंची माहिती असावी: डाव्या कानाने ऐकू येते, उजव्या बाजूने बोलू नये. चहा बशीत ओतून लागतो. अंधारात घाबरतात, न्हाणीघराचा दिवा चालू ठेवावा. संध्याकाळी अस्वस्थ होतात, तेव्हा वही आणि लाल पेन हातात द्यावे, त्या वह्या तपासतात. 'आजी' म्हटलेले आवडत नाही. बत्तीस वर्षे शाळेत होत्या, 'बाई' म्हणावे. हा कागद मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा, आणि रात्रपाळीच्या मावशीला वाचता येत नसेल, तर तिच्याशेजारी बसून एकदा वाचून दाखवावा.